एका मतानं काय होते

कुठल्याही निवडणुकीचा निकाल लागला की लोक गुलाल उधळतात आणि मला झोप येते. घरातली मुलं हसतात. म्हातारीला कशाचंच कौतुक नाही, म्हणतात. खरं आहे. माझं कौतुक मी परकर नेसत होते तेव्हाच संपलं, आणि त्याला कारण माझ्या वडिलांनी लढवलेली एकुलती एक निवडणूक.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपुरात, तहसील मलकापुरात आणि आमचं गाव वडनेरच्या पुढे, नाल्यापलीकडे. उन्हाळ्यात हा नाला कोरडा ठणठणीत असायचा. पावसाळ्यात मात्र चार-चार दिवस माणसाला उतरू द्यायचा नाही. मग बाजार बंद, डाक बंद, आजाऱ्याचं औषधही बंद. लोकल बोर्डात आपला माणूस गेल्याशिवाय याच्यावर पूल होत नाही, असं एकदा चावडीवर ठरलं आणि माझ्या वडिलांना उभं केलं. त्यांना हौस नव्हती. चार माणसांत बोलायची वेळ आली की ते आधी उपरणं सारखं करत, आणि तेवढ्यात दुसराच कुणीतरी बोलून मोकळा होई. पण नाल्याचा त्यांना मनापासून राग होता, म्हणून हो म्हणाले.

अर्ज भरून आले आणि मग कळलं, की समोर आमचे व्याही उभे आहेत. माझ्या मोठ्या बहिणीचे सासरे. त्यांच्या गावानंही त्यांना असंच चावडीवर धरून उभं केलं होतं. आता माघार घ्यावी तर गावाचं नाक जातं, न घ्यावी तर सोयरिकीत मिठाचा खडा. त्यात बहिणीला सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच; आईनं डिंक-खारका आणून ठेवल्या होत्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. लेकीला न्यायला कधी येऊ, असा निरोप धाडला, तर व्याह्यांकडून उलट निरोप आला: इलेक्शन होऊन जाऊ द्या, मग धाडतो.

त्या निरोपानं आईचं जेवण सुटलं.

"अवो, तुमी मांगं सरा न," ती वडिलांना म्हणाली. "नाला काय, आपल्या आज्याच्या वक्तापासून हाय."

"गाव काय म्हनीन?"

"गाव करनार हाय का पोरीचं बाळंतपन?"

वडिलांनी उपरणं सारखं केलं आणि बाहेर निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. व्याह्यांचा निरोप मात्र दोन दिवसांत गावभर झाला. आमच्याकडे लेक एका घरची नसते, ती गावची असते. नदीवर, पारावर, जात्यावर एकच विषय: पोरीला अडवून धरलं.

मतदान आमच्या शाळेच्या खोलीत झालं. पेटी-बिटी आमच्या गावात अजून कुणी पाहिली नव्हती. मत ज्यांना होतं ते थोडेच, सारा भरणारे. एकेकानं आत जायचं, तहसिलीतून आलेल्या साहेबापुढे नाव सांगायचं आणि कारकुनानं लिहून घ्यायचं. माणूस ओळखायला दोन्हीकडचा एकेक जण दाराशी बसायचा. व्याह्यांनी त्यांचा पुतण्या पाठवला. आमच्याकडून कुणीच बसलं नाही. का? तर आम्ही मुलीकडचे! मुलीकडच्यानं व्याह्यांच्या माणसासमोर मांडी ठोकून बसायचं, हे शोभतं का? उलट जावयाचा भाऊ म्हणून त्याला आमच्या घरून पुरणपोळीचं ताट गेलं. ते मीच नेऊन दिलं. तो पोटभर जेवला, वर मला 'आणखी तूप हाय का' म्हणून विचारलं, आणि ढेकर देऊन पुन्हा दाराशी बसला.

बाहेर येणारा जो तो वडिलांकडे पाहून हसत होता. कुणी खांद्यावर हात ठेवला, कुणी तंबाखू पुढे केली. कुणाला दिलं, असं कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय होतं त्यात?

निकाल ऐकायला वडील मलकापूरला गेले, सोबत आमचे पिंजारी चाचा. चाचा थोडी शेती करत, गावभरच्या गाद्यांचा कापूस पिंजत आणि वडिलांचे लहानपणापासूनचे दोस्त होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दोघं परतले, तेव्हा सगळं गाव चावडीवर जमलेलं. सांगितलं ते चाचांनीच. कारकुनानं गावनिहाय आकडे वाचले. मधल्या खेड्यांत मतं अर्धी-अर्धी झाली होती. व्याह्यांच्या गावातली सगळी व्याह्यांना, फक्त एक वडिलांना. आणि आमच्या गावातून वडिलांना एकही नाही.

मग चाचांनीच मान खाली घातली.

"भाऊ, दारात त्याइचा पोरगा बसेल होता. म्या म्हनलं, बेटी उनके घर में है. आयकलं त पोरीले बोलतीन. माह्या एका मतानं काय होते?"

त्यांच्या शेजारचा म्हणाला, त्यानंही तेच केलं. एका मतानं काय होते, बाकीचं गाव आहेच. त्याच्या मागचा तेच म्हणाला. मग सगळेच. माझ्या बहिणीला सुखानं माहेरी येऊ द्यावं म्हणून जो तो आत जाऊन व्याह्यांचं नाव सांगून आला होता, आणि निवडून आणायचं काम दुसऱ्यावर सोपवून आला होता.

शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. "पन मंग तुमचं सोताचं मत कोठी गेलं, भाऊ?"

वडिलांनी उपरणं सारखं केलं. "म्याही त्याइलेच देल्लं. म्हनलं, गाव हायच न माह्यामांगं."

मग जे हसू फुटलं! माणसं गुडघ्यावर थापा मारून हसली, चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडीलही हसले. मी घरी धावत जाऊन आईला सांगितलं. ती हसली नाही. "आता तरी धाडतीन," एवढंच म्हणाली.

आणि धाडलं की! व्याही स्वतः दमणी जुंपून, तिच्या छपराला आतून रजई बांधून बहिणीला घेऊन आले. चहा घेताना म्हणाले, "लौकरच आनून घातली असती, पन मतदार आनाले बैल गुतले होते. अन् इवाईबुवा, माहं मत म्या तुमालेच देल्लं बरं. सुनेच्या बापाच्या इरुद्ध कसं द्यावं मानसानं?" वडिलांनी मान डोलावली. अडवण्याचं व्याह्यांच्या मनातही नव्हतं. किंवा असेलही, जिंकल्यावर ते कोण सांगतो? मला आजही ठरवता येत नाही, आणि आता ठरवायचं त्राणही नाही.

पूल झाला. व्याह्यांच्या गावाशेजारच्या ओढ्यावर झाला. त्यांना दोष नाही, त्यांच्या गावानं त्यांना त्याच्यासाठीच उभं केलं होतं.

दोन वर्षांनी बहिणीला पुन्हा दिवस गेले. या खेपेला तिला काही पचत नव्हतं, अंगावर सूज होती, आणि आईकडे जायचं म्हणून तिनं धोशा लावला होता. व्याह्यांनी भर श्रावणात दमणी जुंपून दिली. ती नाल्याच्या त्या काठाला येऊन थांबली आणि या काठाला आम्ही. पाणी दोन्ही काठ धरून चाललेलं. बहीण दमणीतून उतरली आणि थोरल्याला दोन्ही हातांनी वर उचलून आईला दाखवू लागली. आईच्या कडेवर लाडूंचा डबा होता. ती ओरडून विचारत होती, "काय खावावं वाटते वं, बाई?" पाण्यापुढे तिचा आवाज आम्हालाच ऐकू येत नव्हता, तर बहिणीला काय येणार. ती आपली हात हलवत होती. सगळं गाव काठावर उभं होतं, चाचाही होते. ज्यांनी ज्यांनी तिच्यासाठी मत दिलं होतं ते सगळे तिथे होते, आणि कुणालाच काही करता येत नव्हतं.

आभाळ पुन्हा भरून आलं तशी गाडीवानानं तिला आत बसवलं आणि दमणी वळवली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे राहिलो.

"माहं एक तरी मत म्या मले द्यायले पाह्यजे होतं," वडील म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही, तिच्यात राग उरलाच नव्हता.

"एका मतानं काय झालं असतं?" ती म्हणाली, आणि भरलेला डबा घेऊन घराकडे निघाली.