खाते की, रोज गच्चीत

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं कळत नाही.

नव्वदनंतर आम्ही सानपाड्याला राहायला आलो, तळमजल्यावर. दोन इमारती इतक्या खेटून, की घरात दिवसाही ट्यूबलाइट. साताऱ्याकडून आलेली माझी आई मग रोज सकाळी गच्चीत जायची. सांडगे वाळत घालायची आणि त्यांची राखण करत ऊन खात बसायची.

पुढे मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. डोक्यात हवा गेली — दुसरं काय? वरच्या मजल्यावर छत गळलं, गच्चीतल्या वावरानेच गळतंय म्हणून मीटिंगमध्ये आवाज चढले आणि मी गच्चीला कुलूप ठोकलं. आई म्हणाली, "घटकाभर उघड की रं." मी म्हणालो, "सेक्रेटरीच्या आईला वेगळा नियम?" केवढा अभिमान वाटला होता मला त्या वाक्याचा! खाली गेटपाशी बसायला ती तयार नव्हती. असं रस्त्यावर बसायची तिला लाज वाटे.

दोनएक वर्षांत तिची हाडं दुखायला लागली. जमिनीवरून उठताना हात धरावा लागे. डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाची तपासणी सांगितली — तेव्हा आम्हाला हे नावही नवं. रक्त मुंबईला गेलं, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा नॉर्मलच्या अगदी काठावर. मी "नॉर्मल" एवढंच वाचलं आणि सुटलो.

डॉक्टर मात्र म्हणाले, "काठावर आहे. ऊन मिळत नसेल तर औषध सुरू करू. मिळत असेल तर उगाच नको, जास्त झालं की अंगात साचतं, बाधतं." आणि मला विचारलं — ऊन खातात का?

साधा प्रश्न. पण खरं बोलायचं तर कुलपाचं सांगावं लागलं असतं. त्यांच्यासमोर — आईसमोर. मी म्हणालो, "खाते की, रोज गच्चीत."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय, बसते की." औषध लिहून मिळालं नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं होतं. मी तिला नेलंच नाही. नेलं असतं तर आकडा माझ्यासारखा खोटं बोलला असता का? वर्षभराने ती मोरीत पडली, खुबा मोडला. डी कमी म्हणूनच मोडला का — कुणास ठाऊक. या "कुणास ठाऊक"च्या आड मी पुष्कळ वर्षं लपलोय. इस्पितळात दुसऱ्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पाहून विचारलं, औषध का सुरू केलं नाही? मी तोंड उघडायच्या आत आई खाटेवरून म्हणाली, "मीच नगं म्हनलं."

मी गप्प बसलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. ती वॉकर धरून घरात फिरायची, पाहुणे विचारायचे, तेव्हा मीच हसून सांगायचो, "आमची आई भारी हट्टी. औषध म्हटलं की नको." तिच्यादेखत. ती गेल्यावर, तेराव्यालासुद्धा सांगितलं. नातेवाइकांत ती आजही तशीच ओळखली जाते.

आई हट्टी नव्हती. डॉक्टरांनी औषध दिलं असतं, तर तिने ते मुकाट्याने घेतलं असतं. ते तिला मिळू दिलं नाही ते मी.