येतो म्हणून गेलेल्यांचं गाव

बायकोचं गाव म्हटलं की कुणालाही तिचं माहेर आठवेल. माझ्या बायकोचं माहेर सिन्नर. पण हल्ली मी ज्याला तिचं गाव म्हणतो ते इंग्लंडात आहे, आणि त्याचा इतिहास मला आमच्या नाशिकच्या इतिहासापेक्षा जास्त पाठ आहे. इथे कुवेतमध्ये, फहाहीलमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्या माणसाने करायचं तरी काय? टीव्ही मला सहन होत नाही. एका जागी बसणं तर त्याहून नाही. म्हणून गेले कित्येक महिने मी त्या गावाची चोवीस पानी पुस्तिका हातात धरून हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारत आलोय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलंही, वर काही दुरुस्ती चालू आहे का म्हणून.

बायको फिजिओथेरपिस्ट. बारा वर्षं इथल्या एका दवाखान्यात होती. मग तिला इंग्लंडमधल्या मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. शहरात घर परवडेना, म्हणून तिने रेल्वेने पाऊण तासावरच्या एका लहान गावात घर घेतलं. ते सगळं गावच असं आहे. सकाळी शहरात, संध्याकाळी घरी. आपल्याकडे अशा एखाद्या माणसाला ‘तो जाऊन-येऊन असतो’ म्हणतात. इंग्रजांनी अख्खी गावंच जाऊन-येऊनवाल्यांसाठी वसवली आहेत.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. इथली शाळा संपेपर्यंत ती माझ्याजवळ राहिली आणि जुलैत मी तिला तिकडे पोचवून आलो. माझाही व्हिसा लागला होता. चालू शटडाऊन संपला की मी जायचं, असं ठरलं होतं. जवळच्या मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या रिफायनरीत ठरावीक काळाने एकेक युनिट बंद करून आतून-बाहेरून तपासतात, दुरुस्त करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्याचं वेळापत्रक आखणं हे माझं काम. एक शटडाऊन संपायच्या आधीच पुढच्याची तयारी सुरू होते, त्यामुळे ‘शटडाऊन संपला की येतो’ या वाक्याला तसा काही अर्थच नाही. हे मला माहीत होतं, बायकोलाही माहीत होतं. मुलीला माहीत नव्हतं.

पुस्तिकेची गोष्ट एका चुकीपासून सुरू होते आणि ती चूक फक्त आपल्यासारख्यांकडूनच होऊ शकते. बायकोच्या शेजारी एक आजी राहतात, जन्मभर गावच्या प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, आता एकट्या. पहिल्याच आठवड्यात सकाळी घाईत निघताना बायकोला त्या कुंपणापलीकडे दिसल्या. आता घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ हे कायमचं जाणाऱ्याने म्हणायचं. लहानपणी आईने डोळे वटारून शिकवलेली गोष्ट, ती इंग्रजीत शिरली तरी सुटत नाही. बायकोने हात हलवला, ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणाली आणि स्टेशनकडे पळत सुटली.

आजींनी चहाचं पाणी ठेवलं. दार लोटून ठेवलं. केक कापला. संध्याकाळी साडेसहाला बायको परतली तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या, आणि त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, की तुमच्याकडे यायला नेहमी इतका वेळ लागतो का. बायको लाजेने अर्धी झाली. तिने सगळं समजावून सांगितलं, की आम्ही जाताना येते म्हणतो, म्हणजे परत येईन अशा अर्थाने. त्यावर आजींनी उरलेला केक बायकोच्या हातात ठेवला. मग म्हणाल्या म्हणे, की हा शब्द आमच्या गावाला फार पूर्वीच मिळायला हवा होता. त्याच संध्याकाळी त्यांनी आपण लिहिलेली गावाच्या इतिहासाची पुस्तिका बायकोला दिली. झेरॉक्स केलेली, मध्ये दोन पिना मारलेली.

बायकोने ती मला पाठवून दिली आणि मी किती वेळा वाचली त्याला गणती नाही. मूळ गाव मेंढरांच्या बाजाराचं. एक चर्च, दर बुधवारी बाजार, नदीकाठी कातडी कमावायचा कारखाना. त्या वासापायी नदीकडच्या अंगाला कुणी घर बांधत नसे. मग रेल्वे आली. जमीनदाराने आपल्या शेतातून रूळ जाऊ द्यायला नकार दिला, म्हणून स्टेशन झालं मैलभर लांब, चिखलात. बरीच वर्षं गाव स्टेशनवर रुसून होतं. मग हळूहळू गावच उठून स्टेशनकडे चालायला लागलं. आधी एक खानावळ, मग कोळशाची वखार, मग शहरात कारकुनी करणाऱ्यांसाठी लाल विटांच्या घरांच्या रांगा. चेरीच्या बागा तोडून ही घरं बांधली आणि रस्त्यांना चेरीची नावं दिली. माझी बायको राहते त्या गल्लीच्या नावात बाग आहे. गल्लीत मात्र कचऱ्याचे तीन रंगांचे डबे आहेत.

हे वाचून मी हसलो, आणि मग चिडलो. फहाहीलच्या नावातही म्हणे खजुराचं झाड आहे. समुद्रकाठचं मासेमारांचं गाव होतं हे. तेल निघालं, इमारती उठल्या, आणि आता भल्या सकाळी अर्धं गाव दक्षिणेला रिफायनऱ्यांकडे निघतं तर अर्धं उत्तरेला कुवेत सिटीतल्या ऑफिसांकडे. तेच जाऊन-येऊन. पण आमच्या या गावाची पुस्तिका कुणी लिहिलेली नाही. लिहिणार कोण? इथे राहणारा प्रत्येक जण दुसऱ्याच गावचा, आणि सुट्टी लागली की ‘गावाला’ जाणारा. मी स्वतः लिहायला घेतलं होतं. दीड पान झालं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना, कारण एकोणीस वर्षं राहून मला या गावातले रस्ते, पार्किंगच्या जागा आणि खालचे दुकानदार चाचा एवढंच माहीत होतं.

चाचा रत्नागिरीकडचे, दापोलीजवळच्या एका गावातले. किराण्याच्या दुकानाला इथे बकाला म्हणतात, तसा त्यांचा बकाला आमच्या इमारतीच्या तळाशी आहे. मी खुब्बूसच्या रोट्या आणि दही घेतो आणि म्हणतो, “येतो चाचा.” ते मान वर न करता म्हणतात, “या.” एकोणीस वर्षांत आमच्यात याहून फारसं बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही, पण ते ‘या’ ऐकल्याशिवाय मी जिना चढत नाही.

जुलैत मी मुलीला घेऊन तिकडे गेलो तेव्हा पंधरा दिवस राहिलो. कुवेतच्या भट्टीतून गेलेल्या माणसाला तिथली हवा गोड लागायला हवी होती. मला ती चावायला लागली. सकाळी सात वाजता मी बायकोला स्टेशनवर सोडायला जायचो. फलाटावर शे-दीडशे माणसं, प्रत्येकाची उभं राहायची जागा ठरलेली. डबा थांबतो कुठे, दार उघडतं कुठे, हे त्यांच्या बुटांना माहीत. कुणी कुणाशी बोलत नाही. गाडी येते, गाव घेऊन जाते. मग उरतो मी, बाबागाडीतली मुलं, त्यांच्या आया, आणि काठ्या घेतलेले म्हातारे. मी त्या रिकाम्या गल्ल्यांमधून नाही नाही तिथे चालत राहिलो. तिथे मी कोण होणार? इकडे मी तीस माणसांच्या हातातली कामं ठरवतो. तिकडे मी गाडीला बायको देऊन दुपारी भाजी आणणारा माणूस. शेचाळिसाव्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे, एखाद्या पोरगेल्या साहेबाला आपलं शिक्षण समजावून सांगायचं. हे मी बायकोला बोललो नाही. तिला म्हणालो, शटडाऊन आहे.

एका दुपारी आजींनी मला चहाला बोलावलं. पुस्तिकेतली एकेक गोष्ट मी त्यांना विचारत होतो आणि त्या खूश होऊन सांगत होत्या. मी विचारलं, एवढं सगळं लिहिलंत, पण गाडीने रोज जाणाऱ्या माणसांबद्दल त्यात ओळभरही नाही. त्या म्हणाल्या, माझे यजमान त्यातलेच. तीसेक वर्षं सातच्या गाडीने गेले आणि सातच्या गाडीने आले. ते निवृत्त झाले तेव्हा कळलं की त्यांना मटार आवडत नाहीत. इतकी वर्षं ते खात होते, कारण त्यावर बोलायला वेळ नव्हता. मग आमची नीट ओळख झाली. दोन वर्षं मिळाली.

मी चहा अर्धाच ठेवून उठलो. तरी पंधराव्या दिवशी मी निघालोच. फाटकाशी मुलीला जवळ घेतलं आणि सवयीने म्हणालो, “चल, येतो.” कुंपणापलीकडून आजींनी विचारलं, की हे तुमचं येणं की आमचं? सगळे हसले. मीही हसलो. मुलगी माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. मुलगी इंग्रजीत बोलायची, मी मराठीत. ती इथे असतानाही असंच होतं, मी हाक मारली की उत्तर इंग्रजीत. शाळा, नवी मैत्रीण, आजींकडे शिकलेलं विणकाम. शेवटी मी म्हणायचो, चल, येतो, आणि फोन ठेवायचो. ऑक्टोबरात शटडाऊन संपला. मी पुढचा हातात घेतला. बायकोने विचारलं नाही. तिचं न विचारणं मला जास्त झोंबलं, म्हणून मीच दोन-तीनदा उगाच भांडण उकरून काढलं, एकदा तर पडद्यांच्या रंगावरून.

जानेवारीत एका संध्याकाळी मी सरकारी ॲप उघडलं, माझ्याच कुठल्या तरी कागदासाठी. त्यात माझ्या नावाखाली मुलीचं नाव असतं, तिचा इकामा माझ्यावर होता ना. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो आपोआप जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. पण तिच्या नावापुढे ‘रद्द’ हा शब्द बघितला आणि मी ॲप बंद करून पुन्हा उघडलं. ही पोर याच गावातल्या हॉस्पिटलात जन्मली. समोरच्या समुद्रकिनाऱ्यावर चालायला शिकली. आता तिला इथे यायचं झालं तर पाहुणी म्हणून. मला कुणाचा तरी राग करायचा होता, पण समोर मीच होतो.

त्याच संध्याकाळी नेहमीसारखा फोन झाला. मी तिला काही सांगितलं नाही. हवापाण्याचं बोललो, गृहपाठाचं विचारलं, आणि म्हणालो, “चल बेटा, येतो.”

तिकडून ती एकदम मराठीत बोलली. शब्द जुळवत, थांबत थांबत.

“बाबा, तू येतो नको म्हणू. जातो म्हण. येतो म्हणालास की मी दाराकडे बघते.”

आमच्या घरात हा शब्द कुणी कधी काढला नव्हता. तिला आम्हीच शिकवलं होतं, की तो अशुभ असतो. मी तोंड उघडलं आणि तो माझ्याच्याने म्हणवेना. ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, ओके, बाय, आणि तिनेच फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी फेऱ्या मारल्या नाहीत. बसून राहिलो. सकाळी मीना अब्दुल्लाला पोचल्यावर पुढच्या शटडाऊनच्या मीटिंगआधी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, दुसरी कंपनी मिळाली का. मी म्हणालो, नाही, दुसरं गाव. नोटिशीचे तीन महिने मोजून तारीख काढली आणि घरी फोन केला. मुलीने पुन्हा इंग्रजीतच विचारलं, की हे आजींचं येणं आहे का. मी म्हणालो, आजींचं. मागून बायकोने नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

तिकडे नोकरी मिळेल का, ठाऊक नाही. सकाळी सातची गाडी गेल्यावर त्या गल्ल्यांमधली हवा मला अजूनही चावेल, हे मात्र नक्की. भीती गेलेली नाही. मी तिला बरोबर घेऊन चाललोय.

काल संध्याकाळी सामान बांधायला खोकी हवी होती म्हणून खाली गेलो. चाचांनी मागच्या बाजूने तेलाच्या डब्यांची दोन रिकामी खोकी काढून दिली. मी ती बगलेत मारली आणि म्हणालो, “चाचा, जातो.”

त्यांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत मी त्यांचे डोळे इतक्या जवळून पाहिले नव्हते.

“जातो नको म्हणूस रे,” ते म्हणाले. “येतो म्हण.”

मी म्हणालो, “पोरीला येतो म्हणून इतके महिने दारात उभी केलीय, चाचा. आता कुणाला तरी जातो म्हटल्याशिवाय तिच्याकडे पोचता येणार नाही.”

चाचा गल्ल्यामागून बाहेर आले. त्यांच्या तीन पोरी दापोलीकडे मोठ्या झाल्या, तिघींची लग्नं त्यांनी सुट्टीत जाऊन लावली, हे मला कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी माझ्या बगलेतलं घसरणारं खोकं नीट केलं आणि दुकानाचं दार उघडून धरलं.

“जा,” ते म्हणाले.