मानसीची तोंडी परीक्षा आणि माझी चिकूची पेटी

हसणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी चहा संपवून उठतो. दुसऱ्या कुणी हा किस्सा सांगितला असता तर मी त्याला काठीने बडवला असता. पण माती माझ्याच हाताने खाल्ली, तर सांगायलाही मीच हवा.

आमची नात मानसी गणितात डॉक्टर व्हायला निघालेली. पाच वर्षं एकच गणित. मी म्हणायचो, "अगं, पाच वर्षांत चिकूच्या कलमाला फळ येतं, तुझ्या गणिताला कधी येणार?" शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस ठरला, तर ही घसरून पडली. पाय प्लास्टरात. तिचे मोठे मास्तर म्हणाले, घरूनच कॉम्प्युटरवर दे. आता आमच्या घोलवडच्या घरात रेंज कुठे? रेंज येते फक्त वाडीतल्या पॅकिंगच्या शेडमध्ये. म्हणून परीक्षेची खुर्ची चिकूच्या पेट्यांत मांडली.

आदल्या दिवशी मी विचारलं, "तू नक्की करतेस तरी काय?"

तिने डोक्यावर ओझं घ्यायची कापडाची चुंबळ उचलली. "आजोबा, ही गोल फिरवली काय, आत-बाहेर लोळवली काय, तशीच दिसते ना?"

"दिसते."

"कुठलीही जागा फिरवून दुसऱ्या कुठल्याही जागेवर नेता येते. मग सगळी चुंबळ कशाला चाचपायची? एका जागी बोट ठेवायचं. फिरायला लागताना ती जागा कुठेकुठे सरकू पाहते, तेवढ्याचंच गणित मांडायचं. त्यावरून आकारात भोकं किती, पोकळ्या किती, सगळं निघतं."

"भोक एक आहे. मला दिसतंय."

"आणि जो आकार डोळ्यांना दिसतच नाही, त्याचं?"

पण मला ते पटेना. एका जागी बोट ठेवून सगळ्याचं सांगणार? आमच्या धंद्यात असं बोलणाऱ्याला लोक दारात उभं करत नाहीत. चिकूवाल्याला सगळ्यात मोठी शिवी कुठली? 'वर मोठं, खाली बारकं.' वरचा थर बघून पेटी घेतली की फसलाच म्हणून समजा.

परीक्षेच्या दिवशी मला शेडच्या दाराबाहेर बसवलं. "तुम्ही तोंड उघडू नका," आमच्या म्हातारीने दम दिला होता. तासभर इंग्रजी चाललं. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरीचा आवाज बारीक होत चाललेला कळत होता. पाच वर्षं पाण्यात जातात की काय?

तेवढ्यात कॉम्प्युटरमधले, परीक्षा घेणारे पांढऱ्या केसांचे सर मराठीत म्हणाले, "आता घरच्यांना सांगशील तसं सोपं सांग. तू एकाच जागी बघतेस आणि सगळ्याचं सांगतेस. बाकी ठिकाणी तसंच आहे, याची खात्री काय?"

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या नातीला वर मोठं, खाली बारकं म्हणतो? तेही माझ्याच शेडमध्ये?

मी आत घुसलो.

"ओ मास्तर, आमच्या घराण्यात तो धंदा नाही. चार पिढ्या पेट्या भरतोय आम्ही."

"आजोबा, बाहेर जा ना," मानसी रडवेली झाली.

"थांब गं. यांना खात्री पाहिजे ना? दाखवतो." हाताला आली ती पेटी उचलली आणि त्यांच्यासमोर टेबलावर पालथी केली.

सर चष्मा वर करून बघत राहिले. मानसीने डोळे मिटले. मग मी खाली बघितलं. वरच्या थराचे मुठीएवढे सहा-सात चिकू, आणि बाकी सगळे सुपारीएवढे बारके.

ती पेटी सकाळी मीच भरली होती. अहो, सगळेच भरतात.

सर शांतपणे म्हणाले, "मानसी, उत्तर दे."

पोरीने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, माझ्या आकारात कुठलीही जागा फिरवून कुठल्याही जागेवर नेता येते, म्हणून एक जागा पुरते. आजोबांच्या पेटीत वरचा चिकू खालच्या जागी नेला तर पेटी तशीच राहत नाही. तिथे माझी रीत चालणार नाही."

"याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं," सर म्हणाले. पोरगी पास झाली.

आता ती कॉलेजात शिकवते. रीत कुठे चालत नाही हे सांगायला फळ्यावर चौकोन काढते आणि वर लिहिते, 'आजोबांची पेटी'. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, कॉलेजच्या फळ्यावर गेलो. फक्त कशासाठी गेलो, ते आमच्या व्यापाऱ्याला सांगू नका.