दुधाने गंजलेली मोटार

माझी ती पोस्टिंग ईशान्येकडच्या डोंगरातल्या लष्कराच्या एका वर्कशॉपला होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. नाईक दत्तू ड्रायव्हर. मी जाफराबादचा, तो राजूरजवळच्या एका गावचा. त्या डोंगरात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटणं म्हणजे सख्खा भाऊ भेटणं. वर्षातले सात-आठ महिने पाऊस. सोमवारी वाळत घातलेली बनियन बुधवारीही ओलीच असायची. अशा ठिकाणी सरकारी लोखंड टिकवणं हे माझं काम होतं.

सकाळी सहाला पीटी, आठला हजेरीचं फॉल-इन, सव्वाआठला शेड. शेडमध्ये राखीव गाड्या महिनोन्महिने उभ्या असत. याला प्रिझर्व्हेशन म्हणतात. गाडी लाकडी ठोकळ्यांवर, चाकं जमिनीपासून वर. बॅटरी काढलेली. टाकी काठोकाठ भरलेली, कारण रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि हवेबरोबर पाणी. सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधीचा बोळा. काचा दोन बोटं खाली. वरून सुती कापड, प्लास्टिक कधीही नाही. आमचे सुभेदार साहेब रोज तेच सांगायचे, "प्लास्टिक मत डालो. गाडी को पसीना आता है." इंजिनाचाही नियम होता. चालवायचं तर पुरतं तापेपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका. दोन मिनिटं घुरघुर करून बंद केलं, की आत सुटलेलं पाणी आतच राहतं.

बाकीचे हे ऐकून जांभया द्यायचे. दत्तू वहीत लिहून घ्यायचा, कारण त्याची स्वतःची एक मोटार घरी उभी होती. बाप मेंढरं राखणारा आणि पोराला नाद मोटारीचा. वाटूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दारात, लिंबाखाली, ती वर्षानुवर्षं पडून होती. आत कोंबड्या अंडी घालायच्या. दत्तूने ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावी आणली आणि तीन सुट्ट्या तिच्याखाली पाठ टेकून काढल्या. काळी, गोल दिव्यांची, जाड पत्र्याची. गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. वळताना दाराच्या खांबातून एक नारिंगी दांडी हातासारखी बाहेर यायची. मी त्याला हिणवायचो, की सरकार तुला सुट्टी भंगारवाल्याची नोकरी करायला देतं का. तो हसायचा आणि ब्रेकच्या पाइपाचं माप विचारायचा.

चार वर्षांपूर्वी, श्रावणात, रस्ता खचला आणि दत्तू रिकव्हरीच्या, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढायच्या, गाडीसकट खाली गेला. मी तिथे होतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

गेल्या वर्षी मी रिटायर झालो. या आषाढात चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गेलो होतो. परत येताना फाट्यावर बोर्ड दिसला, शहीद स्मारकाकडे. बोर्डावर सरपंचाचा फोटो ताटाएवढा आणि दत्तूचा वाटीएवढा. मी शेअर जीप सोडली आणि आत चालत गेलो.

स्मारक म्हणजे ग्रामपंचायतीशेजारी पत्र्याचं शेड, समोर जाळी, आत फरशीचा ओटा. ओट्यावर दत्तूची मोटार, निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीत बांधलेली. नुसती झाकलेली नव्हे, बाजेसारखी सुतळीने आवळलेली. गाडीमागे जागा रिकामी होती म्हणून तिथे युरियाच्या गोण्या रचलेल्या. चार फुटल्या होत्या. युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पत्रा खातो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायची वेळ यावी, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ज्याच्या घरातल्या खुरप्याला युरियाने खाल्लं आहे, तोच माणूस मोटारीपाशी गोण्या रचतो.

सरपंच भला माणूस असावा, पण भलेपणाने गंज जात नाही. त्याने मला अभिमानाने सगळं सांगितलं. दर वर्षी पुण्यतिथीला गाडीला अभिषेक होतो. आधी पाणी, मग दूध, मग बॉनेटवर नारळ. हळदकुंकवाचे पाच पट्टे. झाल्यावर धूळ बसू नये म्हणून लगेच ताडपत्री. म्हणजे दूध आत, पाणी आत, वरून कुलूप. शिवाय पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला दोन मिनिटं इंजिन सुरू करायचं, बॅटरी होती तोवर. शत्रूला एखादी गाडी निकामी करायला सांगितली असती, तर त्यालाही इतकं सुचलं नसतं. आमच्या गावांची ही रीतच आहे. माणूस जिवंत असेपर्यंत कुणी विचारत नाही, गेला की देव करून टाकायचा. देव केला की त्याच्या वस्तूला हळदीचा हात कुणीही लावावा, पान्याचा कुणी लावायचा नाही.

मी सुतळी कापली. काळ्या रंगाला पापुद्रे आले होते. बॉनेटवर हळदीच्या जागी नेमके पाच तपकिरी पट्टे. दार उघडलं तर आंबट वास. ड्रायव्हरच्या पायाखाली बोटाने दाबलं, तर बोट पत्र्यातून आरपार. खाली फरशी दिसली.

मी म्हणालो, अजून एक अभिषेक झाला तर ही गाडी फावड्याने उचलावी लागेल. सरपंच शांतपणे म्हणाला, "हवालदार साहेब, लोकांची श्रद्धा हाये ती. तिच्यात लोखंडाचं काय घिऊन बसले?"

मला तिथेच दोन शब्द सुनावायचे होते. सुनावले नाहीत, कारण गाडी ना त्याची होती ना माझी. ती सुमनची होती, दत्तूच्या बायकोची. ती गावाबाहेर शेतात राहते. मी तिच्या दारात पहिल्यांदाच गेलो. तिने पाणी दिलं, नाव विचारलं. मी गाडीचा विषय काढला. ती म्हणाली, शहीद झाल्यावर महिन्याभराने गावकरी आले, गावाचा मान आहे म्हणाले आणि ढकलत घेऊन गेले. तेव्हा तिला कशाचंच भान नव्हतं.

"आता शिवू देत न्हाईत. चपला काढून पाया पड म्हणतात, आत बसू नको म्हणतात," ती म्हणाली. "मला चालवता येती ती. सोंगणी झाल्यावर रिकाम्या वावरात शिकवली व्हती यांनी. गावात कोणाला म्हाईत न्हाई."

"परत पाहिजे का?"

"पाहिजे. पण चालती पाहिजे. उभी पाह्यलीच की चार वर्षं."

पुण्यतिथीला बावीस दिवस होते. मी सरपंचाला सांगितलं, यंदा आमदार येणार आहेत, गाडी चकाचक करून देतो. चकाचक हा शब्द ऐकला की आपल्याकडचे पुढारी कशावरही सही करतात. किल्ली त्याच दिवशी मिळाली.

पहिल्या दिवशी युरिया बाहेर काढला. ताडपत्री एका म्हशीवाल्याला देऊन टाकली, त्याच्या गोठ्यावर ती शोभते. मग गाडी कोमट पाण्याने धुतली, कारण दूध आणि नारळाचं पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत वाळून बसलं होतं, आणि दोन दिवस दारं, बॉनेट उघडी ठेवून वाळवली. गंज तारेच्या ब्रशने खरवडला. खालचा सडलेला पत्रा कापून जालन्याहून आणलेला नवा पत्रा वेल्ड केला, त्याला आधी प्रायमर, मग डांबरी लेप. टाकीत तांबडा चिखल होता. सायलेन्सर झुकवला तर पेलाभर पाणी आलं, ते पंधरा ऑगस्टचं. सिलिंडरमध्ये तेल सोडून चार दिवस इंजिनाला हात लावला नाही, पाचव्या दिवशी हाताने फिरवलं. फिरलं. टाकी धुतली, बॅटरी नवी घातली, ब्रेकचे पाइप सगळे बदलले. त्याचं माप मला पाठ होतं.

गावातले लोक येऊन बघायचे आणि सल्ले द्यायचे. एकाने गंजावर सरळ रंग मारायला सांगितलं, दिसलं की झालं म्हणे. एकाने बॉनेटवर दत्तूचं चित्र काढायचं सुचवलं. एकानेही पाना धरला नाही. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. दुसऱ्याला मूर्ख समजत काम केलं की स्वतःकडे बघावं लागत नाही.

पुण्यतिथीच्या दिवशी मी सहाला शेडवर होतो. ओट्यापुढे मुरमाचा उतार आदल्या दिवशीच करून घेतला होता. साडेसहाला इंजिन सुरू केलं, अर्धा तास चालवलं, तापलं, ब्रेक चारदा दाबून बघितले. नऊला मांडव भरला. दुधाचे दोन कॅन आले, नारळांचं पोतं आलं. आमदार अकराला येणार होते. पावणेदहाला सुमन आली. साधी साडी, पायात चपला. ती ओट्यावर चढली, ड्रायव्हरचं दार उघडून आत बसली.

सरपंच पुढे आला. "वहिनी, चपला."

तिने किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं. मांडवात कुणीतरी हात जोडले.

सरपंच गाडीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, गाडी गावाची आहे. मी आरसी बुकाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली. मालकाचं नाव दत्तूचं, वारसाचा दाखला मागे जोडलेला. त्याने कागद उभा धरला, आडवा धरला. मागून कुणीतरी विचारलं, मग या दुधाचं काय करायचं. मी म्हणालो, चहा करा, आमदारांना पाजा.

सुमनने काचेतून मान बाहेर काढली. "बाजूला व्हा," ती म्हणाली. इतकंच.

सरपंच बाजूला झाला. गाडी मुरमावरून खाली उतरली. तोवर मी शेजारी येऊन बसलो होतो, हँडब्रेकवर हात ठेवून, पण त्याची गरज पडली नाही. फाट्याकडे वळताना तिने खटका दाबला आणि खांबातली नारिंगी दांडी बाहेर आली. ती मी आदल्या रात्रीपर्यंत दुरुस्त करत होतो. तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिने दाबला, कारण वळताना तो दाबायचा असतो.

अर्धा रस्ता मागे पडला. मग समोर बघत तिने विचारलं, "युनिटच्या पत्रात लिव्हलं व्हतं, एक जण खाली उतरून गाडीला वाट दावत व्हता. कोण व्हता तो?"

"मी," मी म्हणालो.

तिने गिअर बदलला. दारासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "मंग चार वर्षं कुठं व्हते तुमी?"

जाफराबादहून तिचं घर जीपने तासाभरावर आहे. चार वर्षांत माझ्या सहा सुट्ट्या झाल्या, शेवटचं वर्ष तर मी घरीच होतो. एका सुट्टीत मी घराचा स्लॅब टाकला, एका सुट्टीत बैलजोडी बघायला जालन्याच्या बाजाराला तीनदा गेलो, तिच्या फाट्यावरून. सरपंच निदान वर्षातून एकदा दूध घेऊन उभा राहत होता. मी तेही केलं नाही. दुसऱ्यांच्या गंजाबद्दल मी आजवर जेवढं बोललो, त्याची मला त्या क्षणी लाज वाटली.

मग तिने विचारलं नसताना मी सांगितलं. सकाळचे सहा चाळीस. माइल पोस्ट बारा. पुढे एक ॲम्ब्युलन्स अडकलेली, आत दोन पेशंट. मी वायरलेस सेटवर कळवलं.

"कंट्रोल, रिकव्हरी वन. रोडची कड खचली. जागा एका गाडीपुरती. ओव्हर."

"रिकव्हरी वन, ॲम्ब्युलन्स निकालनी है. प्रोसीड विथ कॉशन. ओव्हर."

अशा ठिकाणी को-ड्रायव्हर खाली उतरतो आणि पुढे उलटं चालत हाताने गाडी आणतो. ड्रिल आहे ती. मी उतरलो. कडेला बुटाने तीनदा ठोकलं. माती घट्ट लागली. पाऊस थांबला होता. ॲम्ब्युलन्स नंतर दुसऱ्या गाडीने काढली, दोन्ही पेशंट वाचले. दत्तू संध्याकाळी चारला सापडला.

नाईक दत्तू, ड्रायव्हर. वय एकतीस. गाडी पुढे घेण्याआधी त्याने काच खाली करून मला विचारलं होतं, "उस्ताद, येऊ का?"

मी म्हणालो, ये.