घाटावर गेलेल्या अकरा पोळ्या

आमच्या थोरल्या मुलीला जानेफळचं स्थळ आलं तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांचा होतो आणि माझं वजन एक मण चोवीस शेर होतं. हे वजन अंदाजानं सांगत नाही. कापसाच्या हंगामात मी मलकापूरच्या एका जिनात काट्यावर बसत असे, तिथं स्वतःच केलेलं होतं. उरलेलं वर्ष धामणगाव बढ्याला घरची शेती.

स्थळ चांगलं होतं. अडचण एकच, ते घाटावर होतं आणि आम्ही घाटाखाली.

"तितक्या दूर लेक देऊन काय करू?" बायको म्हणाली. "बाळंतपणाले बलावलं तं मी पोचेपावतर लेकरू रांगाले लागन."

मी म्हणालो की दूर-जवळ ही मोजायची गोष्ट आहे, भांडायची नाही. गाडीरस्ता वळसा घेतो. मी डोंगरातल्या पायवाटेनं एकटा जाईन आणि घरच्या उंबऱ्यापासून त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पावलं मोजीन.

"तुमची पावलं तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "महं माप येगळं हाये."

होळी दुसऱ्या दिवशी होती. तिचं माप असं की होळीच्या अकरा पुरणपोळ्या मी सोबत न्यायच्या आणि मुलाच्या आईच्या हातात द्यायच्या. "तिनं खाल्ल्या तं मही लेक त्या घरी जाईन. रस्त्यात विटल्या तं ते गाव दूर हाये. मंग मले आकडे सांगू नका."

आमची मुलगी तिथंच चुलीपाशी डाळ निवडत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

मी पडशीला निवारीचे दोन पट्टे शिवून घेतले, म्हणजे ती पाठीवर बसेल आणि हात मोकळे राहतील. आत घोंगडी, लोटा-दोरी, भाकरी, तिखट, वही आणि झाकणाच्या बांबूच्या टोपलीत पळसाच्या पानांवर अकरा पोळ्या. एकूण सव्वानऊ शेर. मोजणीसाठी बंडीच्या उजव्या खिशात दीडशे चिंचोके. हजार पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो. वेशीपाशी शेजारी भेटला.

"काऊन हो, पाठीवर नातू घेऊन चालले का?"

मोजणी चालू असल्यानं मी बोललो नाही, फक्त हात हलवला. त्याचा त्यानं काय अर्थ घेतला कोण जाणे, पण आठवडाभर गावात मी रुसून घर सोडल्याची बातमी होती.

सपाटीवर मोजणी सोपी गेली. घाट लागल्यावर प्रश्न निघाले. मुरमावर पाऊल टाकलं आणि ते दोन वीत खाली घसरलं तर ते पाऊल धरायचं का? मी धरायचं नाही असं ठरवलं. त्यामुळे एका चढावर बराच वेळ दम लागला आणि हिशोबात काहीच जमा झालं नाही.

फाल्गुनातलं ऊन. सागाची वाळलेली पानं पायाखाली मोडत होती आणि पाठीला टोपलीची ऊब लागत होती. ही ऊब पोळ्यांची की माझी, या चिंतेनं मी दुपारी एका मोहाच्या सावलीत थांबलो, घोंगडी पसरली आणि अकराही पोळ्या हवेशीर मांडल्या. शेळ्या चारणारा एक मिशाळ बाप्या वर उभा राहून बघत होता.

"पापड हायेत का?"

"पोळ्या आहेत."

"पुरणाच्या?" तो खाली उतरला. "मंग खाऊन काऊन नाही राह्यले?"

"मुलीच्या लग्नाच्या आहेत."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. डोंगर, शेळ्या आणि मी. "वऱ्हाड मांगून येऊन राह्यलं वाटते," तो म्हणाला आणि शेळ्यांना पोळ्यांपासून दूर हाकलत निघून गेला. भला माणूस.

दिवस मावळता घाटमाथ्यावरच्या वाडीत पोचलो. तिथं एका पिंजाऱ्याच्या घरी ओसरीवर जागा मिळाली. त्याची म्हातारी आई मायाळू. माझी घामानं भिजलेली बंडी तिनं मागून घेतली. वही हरवून चालणार नाही म्हणून ती मी उशाशी घेतली, आणि डाव्या खिशातले चिंचोके सकाळी उजेडात मोजू असं ठरवून निश्चिंत झोपलो. हीच चूक.

सकाळी म्हातारीनं धुऊन वाळवलेली बंडी आणि एक पुरचुंडी पुढं केली. पुरचुंडी गरम होती.

"चिंचोके कच्चे लेके फिरते क्या, भाऊ? दात पडतीन. भाजून देल्ले मी. वाटेनं चघळा."

"दोन्ही खिशातले?"

"दोन्ही," ती म्हणाली. "एक बी वाया नाही जाऊ देल्ला."

मी एक तोंडात टाकला. चांगला खमंग होता.

वहीत शेवटची नोंद घाटाच्या पायथ्याच्या नाल्यापाशी होती: सतरा हजार चारशे. तिथून वरचा सगळा आकडा गेला. मी नीट विचार केला. खाली नाल्यापर्यंत जायचं आणि पुन्हा मोजत चढायचं, म्हणजे दुपार उलटणार. पण भोक पडलेला हिशोब मी आयुष्यात कधी पुढं नेला नव्हता. म्हातारीचा निरोप घेतला आणि घाट उतरू लागलो.

अकराशे चाळीस पावलं उतरल्यावर थांबलो. टोपली उघडून वास घेतला. पुरण, वेलदोडा, पळसाचं पान. वास अजून नीट होता. दुपारनंतर तो कसा असेल हे वहीत नव्हतं. नाल्यापाशी माझा आकडा होता आणि जानेफळला माझ्या मुलीचं घर. मी तिथंच वहीत लिहिलं, "घाट: मोजला नाही," आणि परत वर चढलो. अशी कोरी जागा त्या वहीत ती पहिलीच. उतरून चढलेली ती पावलं कुठं धरायची, हे मात्र अजून ठरलेलं नाही.

भोक पडलेल्या हिशोबाला पुढचा आकडा जोडून उपयोग नव्हता, म्हणून मग दोन दिवस मी न मोजता चाललो. पहिला तासभर पाय आपले आपण मोजत राहिले, नंतर त्यांनी नाद सोडला. चिंचोके चघळत होतो, सावली दिसली की पोळ्या मांडत होतो. दुसऱ्या संध्याकाळी भाकरी संपली. टोपली पाठीवर असल्यानं तिचा वास पुढून येत नाही, हा पट्टे शिवल्याचा फायदा तेव्हा कळला.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी जानेफळला पोचलो. मुलाची आई अंगणातच होती, उंच, ठसठशीत बाई.

"पायी आले, इवाई? गाड्या बंद झाल्या का?"

मी टोपली दिली. काय अट आहे ते लपवलं नाही, सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं पोळी उचलली, वास घेतला, दुमडून पाहिली, तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. मी काट्यावर इतकी वर्षं बसलो, पण काटा स्थिरावायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"विटली नाही," ती म्हणाली. "चिवट हाये. तुमच्यासारखी." आणि तिनं ती पोळी पूर्ण खाल्ली, वर दुसरीही घेतली. एक मात्र टोपलीत परत ठेवली. "ही तुमच्या मंडळीले दाखवा. माणसाच्या सांगण्यावर बाईचा इस्वास बसत नसते."

परत मी गाडीनं आलो. परतीच्या वाटेला अट नव्हती. घरी पोचलो तो होळीपासून सातवा दिवस. बायकोनं पावलांचं विचारलं नाही. टोपली उघडली, पोळी हुंगली, मोडली, जिभेला लावली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. फाल्गुनात सात दिवसांची पोळी, आणि आंबटपणाचा मागमूस नाही.

"माह्या हातची पोळी तिसऱ्या दिवशी जाते," ती म्हणाली आणि चुलीकडं वळली. "पुरण कोनं शिजवलं होतं वं?"

"म्या," मुलगी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "पानी पार आटेपावतर घोटलं. अन् भाजतानी आच कमी ठेवली, कोरड्या होऊ देल्ल्या."

"काऊन?"

विस्तव नीट पेटलेला होता तरी मुलीनं फुंकणी उचलली आणि फुंकत राहिली.

बायको माझ्याकडं बघू लागली. मी वही काढली होती, ती मिटली.

"नाही दूर," बायको म्हणाली आणि उरलेली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. तीन दिवस जी पाठीवर वाहिली, तिची चव मला तेव्हा पहिल्यांदा कळली.