पत्राखालचा आंगठा

लढाईच्या दिवसांत कराडच्या मोटार स्टँडवर एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली. माझी टोपी आणि छत्री बघून म्हणाली, "आवं, गुर्जी हायसा न्हवं? एवढं वाचा की."

पदराची गाठ सोडून तिनं पत्र काढलं. पलटणीतल्या मुलाचं. मी वाचून संपवेपर्यंत तिचं बोट पत्राखाली उठवलेल्या आंगठ्यावर होतं.

"अक्षर दुसऱ्याचं हाय," ती म्हणाली. "ह्यो आंगठा तेवढा माज्या लेकाचा."

"शाळेत घातला नव्हता का?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"घातला हुता की. चार वरसं गेला. तितल्या गुर्जींचा काय दोस न्हाई. त्येचंच डोस्कं जड."

मी गाव विचारलं. तिनं सांगितलं, आणि मी पत्राखालचं नाव पुन्हा वाचलं.

त्या शाळेत तेव्हा मीच होतो. ती तिकडे कधी फिरकलीच नव्हती. हा मुलगा वाचताना फार अडखळायचा, वर्ग खोळंबायचा. म्हणून वाचनाच्या तासाला मी त्याला बागेला पाणी घालायला पाठवत असे.

मी पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली.

तो मुलगा शाळेत असताना एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला होता, 'शाळेची बाग उत्तम.'