मैनाबाईंच्या तळघरातली कोरडी जागा

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आम्ही बौद्ध घरातले. अंगारे-धुपारे आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेच नाहीत. माझे वडील बल्लारपूरला कागद कारखान्यात होते. कागदाचा तुकडा गालाला लावून ते त्यातली ओल सांगायचे आणि मग यंत्रावर तपासून घ्यायचे. गाल बरोबर निघाला तरी यंत्र बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी त्यांचीच मुलगी.

सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली चौदा वर्षं वॉटरप्रूफिंगची कामं घेते. गळके स्लॅब, पाण्याच्या टाक्या, बाथरूम... जिल्ह्यात माझी कामं बरी बोलतात. फक्त माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघराची एक भिंत सहा वर्षांपासून ओली आहे. आलेल्या पाहुण्याला नवरा चहाच्या आधी ती भिंत दाखवतो. "मॅडमचं काम पाह्यलं का?" म्हणतो. ही भिंत लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येणार आहे.

तर झालं असं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सावली गावाहून एका बाईंचा फोन आला. मैनाबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. गोंड कुटुंब. त्यांचे यजमान आश्रमशाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, "तळघरात पाणी पाझरून राह्यलं. तुमी येऊन जा ना, बाई. लवकर या."

आपल्याकडे घराला तळघर? मला आधी खरंच वाटेना. जाऊन पाहिलं तर घर गावाच्या टोकाला उतारावर, मागे बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. पावसाळ्यात ती काठोकाठ भरते. उताराचा फायदा घेऊन गुरुजींनी घराखाली दहा बाय बाराची खोली काढली होती, खास बियाण्यासाठी. आजूबाजूच्या गावांतून धानाची जुनी वाणं गोळा करायचा त्यांना नाद होता. वर स्लॅबच्या उकाड्यानं बियाणं मरतं, उगवत नाही, म्हणून ही थंड खोली.

ते गेल्यावर बाईंच्यानं सगळी वाणं सांभाळणं झालं नाही. एकच टिकलं, मोहफुली. भात शिजला की घरभर मोहफुलांचा वास येतो म्हणे. दरवर्षी अर्धं बियाणं पेरायचं आणि अर्धं राखून ठेवायचं, ही गुरुजींची पद्धत. मागच्या वर्षी रोवणी झाली आणि पंधरा दिवसांत वैनगंगेचा पूर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरला. सहा दिवस पाणी हटलं नाही. पीक जागीच सडलं. आता जगात मोहफुली उरली होती ती फक्त त्या तळघरात, गुडघ्याएवढ्या एका ढोलीत. बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, दोन-अडीच पायल्या धानाची ढोली. आणि तळघराला चारी बाजूंनी पाझर फुटला होता.

"पुढच्या मिरगापर्यंत हे कोरडं राह्यलं पायजे," बाई म्हणाल्या. "गुरुजी गेले तवा मी रडली. पण हे गेलं ना, तर मले त्यायले तोंड दाखवता येनार नाई."

मी बॅटरी लावून खाली उतरले. सोबत शंकर मिस्त्री. माझ्याकडे दहा वर्षांपासून आहेत, सहसा बोलत नाहीत. भिंती घामेजलेल्या, फरशीवर पाण्याचा थर चमकत होता, एका कोपऱ्यात डबकं. मधोमध ढोली. आणि ढोलीभोवती हात-दीड हाताचं वर्तुळ चक्क कोरडं. कोरडं म्हणजे बोट फिरवलं तर धूळ लागत होती.

मी ओल मोजायचा मीटर लावला. वर्तुळाच्या बाहेर काटा पार शेवटाला. चार बोटं आत आणला तर मे महिन्यात दाखवेल तेवढी ओल. परत बाहेर, परत आत. मी चार-पाच वेळा केलं. शंकर मिस्त्री माझ्याकडे बघत होते आणि मी मीटरच्या सेलकडे.

"तिथी ओल येतच नाई," बाई सहज म्हणाल्या. त्यांना त्याचं काही विशेष वाटत नव्हतं.

मला एकदम भीती वाटली, पण ती वेगळीच. शेणमाती पाणी ओढते. फरशीचं पाणी ढोलीच ओढत असेल तर? म्हणजे बाहेर कोरडं आणि आत बियाण्याला बुरशी! मी बाईंना झाकण काढायला लावलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, तळातून मूठभर दाणे काढले आणि एक माझ्या हातावर ठेवला. मी दाढेखाली धरला. कट् करून तुटला. ओला दाणा असा तुटत नाही, चेपतो. माझी पहिली थिअरी तिथेच संपली.

मग उतार बघितला. फरशीला उतार नव्हता. वर्तुळात आणि बाहेर हातोडीनं ठोकून पाहिलं, आवाज एकसारखा. एकाच दिवशी, एकाच मालात ओतलेलं काँक्रीट. खाली खडक नाही, प्लास्टिक नाही... काही नाही.

काम करायचं तर ढोली हलवणं भाग होतं. मी म्हटलं, वर नेऊन ठेवू. बाईंनी साफ नकार दिला.

"आमच्या घरी बियान्याचा पंडुम, म्हंजे पूजेचा सन, झाल्याबिगर ते खोलीच्या बाहेर काढत नाईत. पेरायच्या येळेलेच निघते."

"बाई, ढोलीखाली कोटिंग नाई लागलं ना, तर बाकी सगळं वाया जाते. पानी तेवढीच जागा शोधते."

बाईंनी वाकून ढोलीचं झाकण घट्ट बसवलं. मग म्हणाल्या, "खोलीतल्या खोलीत सरकवा. मी सांगते त्याले." आणि ढोलीवर हात ठेवून गोंडीत काहीतरी बोलल्या. एखाद्या आजारी माणसाला कुशीवर वळवायच्या आधी सांगतात ना, तशा. त्या नर्स होत्या हे मला तेव्हा पुन्हा आठवलं.

कोरड्या वर्तुळाभोवती मी कोळशानं रेघ ओढली. ढोली पोत्यावर घेतली आणि मी व मिस्त्रींनी ती भिंतीकडे तीन हात सरकवली. पोतं काढून घेतलं. दुपारचे चार वाजले होते. त्या दिवशी फक्त डबकं उपसलं आणि भिंतीतल्या पाझराच्या जागा खडूनं नोंदवल्या. रात्रीपुरती मी सावलीतच एका मैत्रिणीकडे राहिले. खरं सांगायचं तर बल्लारपूरला परत जायला गाडी होती, पण मला सकाळी सगळ्यात आधी ती फरशी बघायची होती.

सकाळी सात वाजता आम्ही तिघं खाली उतरलो. कोळशाच्या रेघेच्या आत फरशी काळीभोर ओली होती. आणि तीन हात पलीकडे, ढोलीच्या नव्या जागेभोवती, हात-दीड हाताचं कोरडं वर्तुळ.

शंकर मिस्त्री दोन पायऱ्या वर गेले. "मॅडम, तेवढ्या जागेवर मी ब्रश नाई लावत. बाकी म्हनसान ते करतो."

मला मात्र आनंद झाला होता, उगाच का लपवू? चौदा वर्षं ओलीशी भांडतेय, असलं काही कधी पाहिलं नव्हतं. मी बाजारातून तशीच एक टोपली आणली, बाईंकडूनच शेणमातीनं लिंपून घेतली, दोन दिवस उन्हात वाळवली, दुकानातलं धान भरून दुसऱ्या बाजूला ठेवली. एका रात्रीत तिचा तळ भिजून मऊ झाला. मग मी मूळची ढोली पुन्हा हलवली, दाराजवळ. वर्तुळ तिच्यासोबत दाराजवळ. आता पायरीवर ठेवून पाहू म्हणाले तेव्हा बाईंनी माझा हात धरला.

"इंजिनेर बाई, बस झालं. तुमाले ते खेळनं वाटून राह्यलं. ते जीव धरून बसलं आहे."

खरंच लाज वाटली. मी आले होते ते वाचवायला, आणि चार दिवस त्याचीच परीक्षा घेत बसले होते.

मग कामाला लागले. भिंतीतली भोकं पटकन आवळणाऱ्या सिमेंटनं बुजवली, भेगांमध्ये दाबानं ग्राऊट, म्हणजे पातळ सिमेंट, भरलं, भिंत आणि फरशी मिळतात तिथे गोलाई दिली आणि सगळीकडे कोटिंगचे दोन हात दिले. फरशी दोन अर्ध्यांत केली. एक अर्धी वाळली की ढोली तिकडे, मग दुसरी. ढोलीची जागा मी स्वतः रंगवली. काम सुरू केल्यापासून नवव्या दिवशी मीटर फिरवला तर सगळी खोली कोरडी. कुठेच फरक नाही, कुठेच वर्तुळ नाही. बोडी पुढचे दोन महिने भरलेली होती, पण एक थेंब आत आला नाही. माझं आजवरचं सगळ्यात चोख काम. आणि त्याच कामानं मी माझा पुरावा पुसून टाकला, हे मला परतीच्या गाडीत कळलं.

यंदा जूनमध्ये बाईंनी बोलावलं. पंडुम झाला होता, ढोली तळघरातून बाहेर आली होती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे टाकून पाहिले होते. त्यांनी गोणपाट उलगडलं. मोजायची गरजच नव्हती, सगळीकडे पांढरे कोंब. बाई त्यांच्याकडे बघत बसल्या आणि माझेही डोळे भरले. मी दुसरीकडे पाहिलं.

निघताना त्यांनी माझ्या हातात वाळलेल्या भोपळ्याचा छोटा तुंबा दिला. आत तीन मुठी मोहफुली.

"एकाच घरी होतं म्हनून मागच्या साली जीव टांगनीले लागला. थोडं तुमच्या घरी राहू द्या. माह्या बांधीत काही झालं, तर मी मागाले येईन."

घरी आणून मी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. त्याच ओल्या भिंतीला टेकून, कारण घरात थंड जागा तेवढीच. मुद्दाम ठेवला का? थोडासा.

आता तीन महिने होत आले. तुंब्याच्या मागे भिंतीवर ताटलीएवढा गोल कोरडा आहे. शेजारच्या तांदळाच्या डब्यामागे बुरशी आहे. एकदाच मीटर लावला, मग वडिलांसारखा गाल लावून पाहिला. नंतर नाही लावला. तुंबाही जागचा हलवलेला नाही.

नवऱ्यानं परवा विचारलं, "आता तरी भिंतीचं काम काढतेस का?" मी म्हटलं, मैनाबाईंचं धान कापून घरात येऊ दे, मग बघू. तो हसला नाही. आताशा पाहुण्यांनाही भिंत दाखवत नाही.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. येऊन तपासायचं असेल तर मीटर मी देते. तुंब्याला हात लावू देणार नाही, पण भिंत अजून ओलीच ठेवली आहे.